पुस्तकाची वाट आणि हत्याराची वाट
(महोत्सवाच्या आठवड्यांत पालक व तरुण यांच्या सभेंत केलेलें भाषण)



दरवर्षीं दहावीचा निकाल लागला म्हणजे पुढील पंधरा दिवस आमच्या दारावरची घंटा सारखी वाजत असते. आईबाप येतात, मुलाला बरोबर आणतात, पुष्कळदां आणीतहि नाहींत, पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवितात आणि विचारतात, "फादर, ह्याला कॉलेजांत घालूं कीं टेक्निकलला?" प्रश्न एका वाक्याचा असतो आणि उत्तरहि तेवढ्यांतच मिळावें अशी अपेक्षा असते, कारण प्रवेशाची मुदत संपत आलेली असते आणि बाहेर रिक्षा उभी असते. अशा घाईंत आम्ही आजवर पुष्कळांना पुष्कळ उत्तरें दिलीं. महोत्सव समितीनें आजच्या भाषणाचा विषय आमच्यावरच सोपविला, तेव्हां हाच प्रश्न निवांतपणें हातीं घ्यावा असें आम्हीं योजिलें. त्याला कारणहि तसेंच आहे. त्या उत्तरांपैकीं निदान एक तरी साफ चुकलें होतें, आणि तें चुकल्याची किंमत आम्हांला नव्हे, दुसऱ्याला द्यावी लागली.

१९९७ सालीं आम्ही याच धर्मग्रामांत सहायक धर्मगुरु म्हणून नुकतेच आलों होतों. सेमिनरींतील तत्त्वज्ञान डोक्यांत ताजें होतें. जूनमध्यें एक विधवा माउली आपल्या मुलाला घेऊन आली. मुलगा दहावीला दुसऱ्या वर्गांत उत्तीर्ण झाला होता. वाडींतील कोणाच्याहि विहिरीवरचा पंप बंद पडला कीं मामाबरोबर हा हजर. पाना हातांत घेतला म्हणजे त्याला जेवणाची शुद्ध राहत नसे. हें आम्हांला ठाऊक होतें, कारण आमच्याच आवारांतील पंप त्यानें दोनदां चालू करून दिला होता. त्याला आय.टी.आय.मध्यें फिटरचा अभ्यासक्रम घ्यावयाचा होता. आई मात्र साशंक होती. ती म्हणाली, "ह्याचे बाबा आयुष्यभर मातींत राबले, फादर. ह्याचे तरी कपडे स्वच्छ राहावेत. तुम्ही म्हणाल तसें करूं."

आम्हीं काय म्हणावें? समाजांत पदवीधर वाढले पाहिजेत, मनाची मशागत झाली पाहिजे, हात तर कोणीहि चालवील, असें एक लहानसें प्रवचन आम्हीं त्या मुलाला दिलें. मुलानें मान खालीं घालून तें ऐकलें आणि कला शाखेंत नांव घातलें. पुढील पांच वर्षें तो सकाळच्या गाडीनें गेला आणि दुपारच्या गाडीनें आला. बारावी कशीबशी झाली; बी.ए.च्या शेवटच्या वर्षीं दोन विषय राहिले, ते पुन्हां दिले आणि पुन्हां राहिले. तो आळशी नव्हता. अर्थशास्त्राच्या पुस्तकासमोर तो जसा बसत असे, तसे आम्ही लेथ मशीनसमोर बसलों असतों! आईनें त्या वर्षांत वाडीचा एक तुकडा गहाण टाकला. अखेर २००३ सालीं, बाविसाव्या वर्षीं, तो आम्हांला न विचारतां आय.टी.आय.त गेला. वर्गांतील इतर मुलें सोळा-सतरा वर्षांचीं, तीं त्याला 'काका' म्हणत. पहिले कित्येक महिने व्हाइसमध्यें लोखंडाचा तुकडा धरून कानस चालवावयाची, गुण्या लावून पाहावयाचें आणि उजेड दिसला कीं पुन्हां कानस चालवावयाची, एवढेंच काम असतें. तो पुढें एकदां आम्हांला म्हणाला, "फादर, तेव्हां हाताला फोड यायचे, पण पांच वर्षांत पहिल्यांदा मला रात्रीं झोंप लागली."

हें सर्व आम्ही त्याच्या परवानगीनें सांगत आहों. तो या सभेंत बसलाहि असेल. आमची चूक कोठें झाली, याचा आम्हीं पुढें पुष्कळ विचार केला. कला शाखा वाईट, असें आम्ही म्हणणार नाहीं; त्या शाखेनेंच आम्हांला घडविलें आहे. चूक अशी कीं, आम्हीं मुलाकडे न पाहतां त्याच्या कपड्यांकडे पाहिलें. मळलेला सदरा आणि इस्त्रीचा सदरा अशी वर्गवारी आमच्या मनांत आधींच झाली होती आणि तिला आम्ही मनाची मशागत हें नांव देत होतों.

बेन सिराचा ग्रंथ आपल्या बायबलांत आहे. त्याच्या ३८ व्या अध्यायांत शास्त्री आणि कारागीर यांची तुलना आहे. शास्त्र्याच्या ज्ञानाला निवांत वेळ लागतो, असें सांगून तो नांगरधारी, मुद्रा कोरणारा, लोहार आणि कुंभार यांचें एकेक चित्र रंगवितो. भट्टीच्या आंचेनें लोहाराचें अंग कसें होरपळतें, कुंभार पायानें चाक कसें फिरवितो, हें त्यानें जवळून पाहिलेलें दिसतें. ह्या लोकांवांचून नगर वसणार नाहीं, हें तो कबूल करितो. पण सभेंत त्यांना कोणी सल्ला विचारीत नाहीं, न्यायासनावर ते बसत नाहींत, अशीहि पुस्ती जोडतो. हा ग्रंथ ख्रिस्तापूर्वी सुमारें दोन शतकें लिहिला गेला. आमच्या धर्मग्राम परिषदेंत आज शिक्षक आहेत, बँकेंतून निवृत्त झालेले आहेत, वकील आहेत. वेल्डर किती आहेत? मागील तीन परिषदांचीं नांवें आम्हीं चाळून पाहिलीं, एकहि सांपडला नाहीं. बेन सिराच्या काळापासून आपण फार पुढें आलों नाहीं.

या भेदावर ज्यानें शब्दांनीं नव्हे तर कृतीनें घाव घातला, त्या पुरुषाविषयीं आज थोडें विस्तारानें बोलूं द्या. जॉन बॉस्को यांचा जन्म १८१५ सालीं उत्तर इटलींतील एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. लहानपणींच बाप वारला. शाळेचा खर्च निघावा म्हणून त्यांनीं शिंप्याच्या दुकानांत, सुताराच्या आणि चांभाराच्या हाताखालीं मिळेल तें काम केलें, आणि तीं कामें ते शिकलेहि. पुढें धर्मगुरु होऊन ते तुरीन शहरांत आले तेव्हां खेड्यांतून आलेलीं पोरकीं मुलें गवंड्यांच्या व कारखानदारांच्या हाताखालीं राबत होतीं; त्यांना ना शिकवण होती, ना आसरा. बॉस्को यांनीं प्रथम काय केलें असेल? मालक आणि शिकाऊ मुलगा यांच्यांत लेखी करार करविले. १८५१-५२ सालांतील असे करार आजहि उपलब्ध आहेत. मुलाला धंदा नीट शिकवावा, धंद्याबाहेरचीं कामें सांगूं नयेत, चुकल्यास शब्दांनीं समजवावें, मारझोड करूं नये, रविवार व सणांचे दिवस मोकळे द्यावेत, अशा त्यांत अटी आहेत. आणि खालीं सही करणारांत स्वतः बॉस्को आहेत. मुलासाठीं कागदावर सही करणारा धर्मगुरु आणि मुलाला प्रवचन देऊन वाटेस लावणारा धर्मगुरु यांतील अंतर आम्हांला फार उशिरां कळलें.

पुढें त्यांनीं स्वतःच्याच आवारांत कार्यशाळा काढल्या. १८५३ सालीं चांभारकाम आणि शिवणकाम, १८५४ सालीं पुस्तकबांधणी, १८५६ सालीं सुतारकाम. १८६० नंतरच्या पहिल्या दोन वर्षांत छापखाना आणि लोहारकाम. पण याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, त्याच छपराखालीं लॅटिन शिकणारे विद्यार्थीहि राहत होते. एका बाजूस व्याकरण, दुसऱ्या बाजूस ऐरण. आणि ज्यांचा दिवस ऐरणीवर जाई त्यांच्यासाठीं रात्रीचे वर्ग होते: वाचन, लेखन, हिशेब, संगीत. त्या राज्यांत दशमान वजनेंमापें लागू व्हावयाचीं होतीं. तेव्हां साध्या माणसाला फसवणूक कळावी म्हणून १८४९ सालीं बॉस्को यांनीं त्या विषयावर एक सुबोध पुस्तकच लिहिलें. सुताराच्या पोराला दशांश अपूर्णांक कशाला हवे, असें त्यांनीं विचारलें नाहीं. त्यांचे अनुयायी १९०६ सालीं तंजावरास आले आणि पुढें मुंबईसहि आले; कुर्ल्यास त्यांचें तांत्रिक शिक्षणाचें काम आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें आहे.

आतां दुसरी बाजू. कारण आजकाल वारा उलट दिशेनेंहि वाहूं लागला आहे. "बी.ए. करून काय मिळणार?" हा प्रश्न आम्ही वर्षाला दहा वेळां तरी ऐकतों. त्यांत पोटाची चिंता आहे, म्हणून त्याला हंसून चालणार नाहीं. पण त्याच्या पोटांत एक चुकीची समजूत दडलेली आहे: कला एकदां हातांत आली कीं ती जन्मभर पुरते.

आपल्याच आळींतील वडील माणसांना विचारा. एके काळीं लघुलेखन आणि टंकलेखन येणाऱ्या मुलीला मुंबईंत नोकरी ठेवलेलीच असे. संगणक आला आणि तीं यंत्रें माळ्यावर गेलीं. छापखान्यांत खिळे जुळविणारे तरबेज लोक होते. आरशांतल्यासारखीं उलटीं अक्षरें ते झरझर वाचीत. तो धंदा आज नाहीं. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला, सुमारें अडीच लाख कामगार त्यांत होते, आणि त्यांतील पुष्कळांना पुन्हां मागावर उभें राहतां आलें नाहीं. हे लोक अडाणी नव्हते, आपल्या कामांत निष्णात होते. परंतु ज्याला एकच यंत्र शिकविलें गेलें, त्याचें यंत्र गेल्यावर तो कोणत्या आधारावर नवें शिकणार? जे तगले त्यांत, आमच्या पाहण्यांत तरी, वाचनाची संवय असलेले पुष्कळ होते. छापखान्यांतील आमचे एक वृद्ध स्नेही चाळिशींत संगणकावर अक्षरजुळणी शिकले. कारण ते म्हणत, खिळे गेले तरी शुद्धलेखन कोठें गेलें?

कार्डिनल न्यूमन यांनीं १८५२ सालीं डब्लिन येथें विद्यापीठाच्या स्वरूपावर व्याख्यानें दिलीं. ज्ञान हें कांहींतरी मिळवून देतें म्हणूनच नव्हे, तर तें मनाला रुंदी देतें म्हणूनहि मिळवावें, हा त्यांचा सिद्धांत सेमिनरींत आम्हीं घोकला होता. जें आमच्या कानीं फारसें पडलें नव्हतें तें असें कीं, त्याच न्यूमन यांच्या कारकीर्दींत त्या विद्यापीठानें १८५५ सालीं वैद्यकीय विद्यालय उघडलें, आणि इतर शाखा विद्यार्थ्यांवांचून कष्टत असतां तेंच नांवारूपास आलें. सिद्धांत आपल्या जागीं खरा; पण सिद्धांत मांडणारानेंहि रोग्याची नाडी पाहणारे तयार करावयास मागेंपुढें पाहिलें नाहीं.

आतां व्यवहाराचें बोलूं. पुष्कळ घरांत अजून अशी समजूत आहे कीं, आय.टी.आय.त गेलेला मुलगा तेथेंच अडकला. हें खरें नाहीं. फिटर, टर्नर, वीजतंत्री हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, वेल्डरचा एक वर्षाचा. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालीं कारखान्यांत उमेदवारी करतां येते आणि विद्यावेतनहि मिळतें. दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागतां येतो. दहावीनंतरची पदविका तीन वर्षांची, आणि ती मिळविलेल्याला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला थेट जातां येतें. वाट लांबची आहे, पण वाट आहे, आणि तिच्या प्रत्येक मुक्कामावर पोट भरण्याची सोय आहे. उलट, बी.ए. झालेल्याला कोणतेंच दार नाहीं हेंहि खरें नाहीं. केंद्राची नागरी सेवा परीक्षा कोणत्याहि शाखेच्या पदवीधराला देतां येते. शिक्षकाचा, कायद्याचा, पत्रकारितेचा मार्ग त्यालाहि मोकळा असतो. मात्र ह्या मुक्कामावर पोहोंचेपर्यंत घर चाललें पाहिजे, हें आधीं मोजून पाहावें. आणि जो कामाला लागला तो पुढें वाचूं इच्छील तर त्याच्यासाठीं १९८९ पासून नाशिकचें मुक्त विद्यापीठ आहे. कानस चालविणाऱ्यानें इतिहासाची पदवी घेऊं नये असा कायदा कोठेंच नाहीं.

संस्था निवडतांना मात्र डोळे उघडे ठेवा. भिंतीवरच्या फलकावर जाऊं नका. कार्यशाळेंत शिरा आणि यंत्राला बोट लावून पाहा. बोटाला तेल लागलें तर बरें, धूळ लागली तर परत फिरा. कॉलेजांत गेलांत तर ग्रंथालयांत जा आणि पुस्तकें घरीं नेल्याच्या नोंदी पाहा. आमच्या माहितीच्या एका ठिकाणीं कुलपाची किल्ली कोणाकडे आहे हेंच कोणाला ठाऊक नव्हतें.

आणि मुलाला एकट्याला विचारा. आईबापांसमोर मूल आईबापांचेंच उत्तर देतें. कोणी सांगितलें नसतां तो काय करितो, हें पाहा. सुट्टींत आठ दिवस कोणा ओळखीच्याच्या वर्कशॉपमध्यें झाडू मारण्याला पाठवा आणि आठ दिवस वाचनालयांत बसवा. कोठून तो उशिरां घरीं येतो, तें पाहा. गुणपत्रिकेंतून हें कळत नाहीं. मुलींच्या बाबतींत तर हा विचारच होत नाहीं. मुलगी म्हणजे कला शाखा, मुलगा म्हणजे यंत्र, असें जणूं बाप्तिस्म्याच्या वेळींच ठरलेलें असतें. वायरिंगचें काम उत्तम करणारी एक मुलगी या धर्मग्रामांत आहे. नाताळच्या रोषणाईच्या वेळीं तिला शिडी धरावयास उभें करितात आणि शिडीवर तिचा भाऊ चढतो!

एक गोष्ट आम्हांला या महोत्सवासंबंधानेंच सांगावयाची आहे. आमच्या कपाटांत पंचवीस वर्षांपूर्वींची स्मरणिका आहे. तींत धर्मग्रामांतील पदवीधरांची यादी आहे, नांवापुढें पदवी आणि साल, पांच पानें. ज्यांनीं घंटेची लोखंडी चौकट उभी केली, वेदीवरचे दिवे जोडले, वादळांत उडालेलें छप्पर आठ दिवसांत परत चढविलें, त्यांचें नांव कोठेंहि नाहीं. यंदा समितीनें पदवीधरांबरोबर प्रमाणपत्रधारक कारागिरांचींहि नांवें त्याच यादींत, अकारविल्हें, एकत्र छापावीं अशी विनंती आम्हीं केली. समितींत यावर दोन बैठका झाल्या, हें सांगावयास आम्हांला संकोच वाटतो. एक सभासद म्हणाले, यानें यादीची शोभा जाईल. अखेर ठराव एका मतानें मंजूर झाला. मिस्सा-वस्त्रांच्या खोलीबाहेर टेबलावर कागद ठेविला आहे. ज्यांचीं नांवें राहिलीं असतील त्यांनीं येत्या रविवारपर्यंत तीं लिहावीं. लाजूं नये.

आतां शेवटचें. ज्याची हकीकत आम्हीं आरंभीं सांगितली, त्याचें आज स्वतःचें वर्कशॉप आहे. आईनें गहाण टाकलेला तुकडा त्यानें सोडवून घेतला. दरवर्षीं तो दोन मुलांना हाताखालीं घेतो. यंदाच्या मे महिन्यांत निकाल लागल्यावर त्यानें आमच्या दारावरची घंटा वाजविली. त्याची थोरली मुलगी बारावी झाली आणि तिला बी.ए. करून इतिहास शिकावयाचा आहे. तो आमच्यासमोर बसला आणि सरळ म्हणाला, "फादर, मी त्या वाटेनें पांच वर्षें घालविलीं. तिला पदविकेला घालतों. तुम्ही तिला समजावा."

या खेपेस आम्हीं प्रवचन दिलें नाहीं. मुलीला एकटीला पाठवा, एवढेंच म्हटलें. ती गुरुवारीं आली. तिच्याजवळ एक वही होती. आमच्या चर्चच्या आवारांतील जुन्या थडग्यांवरचीं अक्षरें, झिजलेलींसुद्धां, तिनें दोन वर्षें रविवारीं दुपारीं बसून उतरून घेतलीं होतीं. जेथें वाचतां आलें नाहीं तेथें रिकामी जागा सोडली होती, अंदाजानें कांहीं भरलें नव्हतें. बाप्तिस्म्याच्या जुन्या पोर्तुगीज नोंदी पाहावयास मिळतील का, असें तिनें विचारलें. आम्हीं त्या दाखविल्या. आम्हांलाहि त्या नीटशा वाचतां येत नाहींत.

बापाला आम्हीं बोलावून घेतलें आणि ती वही त्याच्या हातांत दिली. त्यानें ती पुष्कळ वेळ चाळली. एका पानावर तिनें एका दगडाचें माप दिलें होतें, लांबी, रुंदी आणि जाडी. तेथें तो थांबला. मग त्यानें विचारलें, "पण हिनें खायचें काय?" आम्हीं खरें तेंच सांगितलें कीं, तें आम्हांला ठाऊक नाहीं. तेव्हां त्या दोघांत आमच्यासमोर करार झाला. मुलीनें इतिहास घ्यावा, आणि तीन वर्षें सुट्टीच्या दिवसांत बापाच्या वर्कशॉपचे हिशेब, बिलें आणि कराचे कागद शिकून सांभाळावेत. बापानें मधेंच तिला काढूं नये. कागद आम्हींच लिहिला. खालीं तिघांच्या सह्या आहेत, आणि तो बाप्तिस्म्याच्या नोंदवहीच्या कपाटांत ठेविला आहे.